श्वासापुरती जागा

शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना मी एक प्रयोग दरवर्षी करून दाखवत असे. सारख्या कंपनसंख्येचे दोन नादकाटे आपापल्या लाकडी पेट्यांवर समोरासमोर ठेवायचे. एकावर रबरी हातोडी मारायची, त्याला नीट वाजू द्यायचं, आणि मग मुठीत धरून गप्प करायचं. आवाज तरीही येत राहतो. तो दुसऱ्या काट्याचा असतो, ज्याला कुणी हातही लावलेला नाही. त्या क्षणी सगळा वर्ग शांत होतो आणि मागच्या बाकावरून एखादी मुलगी हमखास विचारते, "बाई, मग त्याला वाजवलं कोणी?"

"हवेनं," मी सांगायची, आणि फळ्यावर 'अनुनाद' हा शब्द लिहायची.

एका वर्षी मात्र मी तो प्रयोग टाळला. उपकरण नादुरुस्त आहे असं वर्गाला सांगितलं. ते खरं नव्हतं. त्या वर्षी आमच्या घरात जे चाललं होतं, त्यामुळे तो प्रश्न भर दिवसा ऐकण्याचंही धैर्य माझ्यात उरलं नव्हतं.

आमचं घर येरवड्याला, तुरुंगाच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. एकामागे एक दोन खोल्या आणि कडेला स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट. आतल्या खोलीत गादीवर, वर कापड न घालता ठेवलेली, दादाची गिटार. त्या घरात तेव्हा आम्ही तिघं राहत होतो: बाबा, माझा थोरला भाऊ आणि मी. आई जाऊन काही वर्षं झाली होती. आम्हा दोघांची लग्नं झाली नाहीत. त्याची कारणं वेगळी आहेत आणि इथे अप्रस्तुत आहेत.

बाबा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ऐन विशीत त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि घेतलेली प्रत्येक प्रतिज्ञा एखाद्या सरकारी परिपत्रकासारखी, कलमवार पाळली. आमच्या घरात श्राद्ध नव्हतं, पितर नव्हते, अंगात येणं नव्हतं, आणि भूत हा शब्द उच्चारायलाही बंदी होती. मी सहावीत असताना वस्तीत बोलवा उठली की तुरुंगाच्या बाजूच्या चिंचेवर काहीतरी आहे. बाबा आम्हा दोघांना संध्याकाळी त्या झाडाखाली घेऊन गेले. त्याला तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या आणि माझ्या हातात वही दिली. "जे दिसेल तेवढंच लिही. जे वाटेल ते लिहू नकोस." मी लिहिलं: दोन कावळे, एक फाटका पतंग, मुंगळे. त्या दिवसापासून वही लिहिण्याची सवय मला लागली, ती आजवर सुटलेली नाही.

आई गायची. दिवसा नगरपालिकेच्या शाळेत शिकवून संध्याकाळी बस पकडून ती पेठेतल्या एका वृद्ध बाईंकडे ख्याल शिकायला जाई. पौर्णिमेला विहारात तिचं गाणं असे. त्या वेळी तिच्या मागे तानपुरा घेऊन बाबा बसत. बाबांना गाता येत नव्हतं. त्यांच्या गळ्यात एकच सूर होता, आईचा षड्ज, खालच्या सप्तकातला. चाळीस वर्षं तानपुऱ्याशेजारी गुणगुणून तो इतका पक्का झाला होता की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून "अगं" अशी लांब हाक मारत, ती हाकही त्याच सुरावर येई. आई हसून म्हणायची, "अहो, माझी पेटी कशाला लावायची? तुम्ही नुसते हाक मारा."

दादा मोटारींच्या कारखान्यात टूलरूमला होता. एक शतांश मिलिमीटरचा फरक त्याला बोटाच्या टोकाला कळे. संध्याकाळी तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मांडीवरची, सरकत्या रॉडची गिटार वाजवी. आईला ते आवडत नसे, पण तिने त्याला कधी बंद कर म्हटलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, "तुझ्या हातात सूर आहे, पण तो बस चुकल्यासारखा पळतोय. मी गाते ते काढ बघू." आणि ती यमनातली एक ओळ गायली. दादाला ती काढायला चार महिने लागले.

त्या चार महिन्यांत आणि पुढच्या काही वर्षांत त्याने ती गिटार पार बदलली. तारांखालच्या पट्ट्यांचा त्याला उपयोगच नव्हता. त्याने त्या उपटून काढल्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी उंच केली. झाल्यासाठी, म्हणजे मधे मधे झंकार देण्यासाठी, कडेला दोन तारा बसवल्या. आणि मुख्य तारांच्या खाली, फळीला समांतर, तेरा बारीक तरफा ताणल्या. तरफ म्हणजे जिला कुणी छेडत नाही अशी तार. वरची तार त्या सुरावर वाजली की खालची आपोआप बोलते. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या नादकाट्यासारखी. तरफांच्या खुंट्या त्याने कारखान्यात सुटीच्या वेळात स्वतः घडवल्या. रॉडसाठी त्याने इंजिनातल्या पिस्टनची एक मोडीत निघालेली पोलादी पिन घेतली आणि तिच्यात तोंड दिसेपर्यंत ती घासली. सगळं वाद्य त्याने आईच्या पट्टीत, काळी चारमध्ये लावलं. गिटारीला ती पट्टी सोयीची नसते. पण त्याला गिटारीची सोय बघायचीच नव्हती.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. आईची छाती नाजूक होती. तारषड्जाकडे जाताना ती निषादाला नुसता स्पर्श करायची, थांबायची, एक श्वास घ्यायची आणि मग वर जायची. ऐकणारे माना डोलावत. त्यांना ती सौंदर्याची जागा वाटे. आम्हाला माहीत होतं की तिथे तिचा दम संपतो. दादाने तीही जागा गिटारीत घेतली. निषादावर आला की तो रॉड तारेवरून अलगद उचलायचा, एका श्वासाएवढा वेळ अधांतरी धरायचा, आणि मग षड्जावर टेकवायचा.

"अरे, वाद्याला कशाला श्वास लागतो?" आई म्हणाली होती.

"वाद्याला नसेल लागत. शिकवणाऱ्या बाईंना लागतो ना."

आई गेली तेव्हा बाबांनी विहारात त्रिशरण म्हटलं, घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा उल्लेख भूतकाळात करू लागले. क्रियापदांची चूक एकदाही झाली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला होता.

मग शहर बदलू लागलं आणि त्याच सुमारास बाबाही. दादाच्या कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि टूलरूमच्या जुन्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी," एवढं बोलून दादाने डबा कायमचा फडताळात ठेवला. आमच्या कोपऱ्यावर हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या थांबू लागल्या. सोसायटीतले निम्मे फ्लॅट भाड्याने गेले. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये विदर्भातला एक तरुण आला. रात्रपाळी करायचा आणि दिवसा झोपायचा. आणि बाबा विसरू लागले. आधी चष्मा, मग वार, मग आमची नावं. शेवटी ते जेवणच विसरले. घास तोंडात धरून बसत; गिळायचं असतं हे त्यांना आठवत नसे. डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत दिली. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले.

त्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या सुमारास, दादा आतल्या खोलीत वृंदावनी सारंग वाजवत होता. माझी शाळा सकाळची, त्यामुळे मी घरी पोहोचले होते आणि बाबांसमोर ताट घेऊन बसले होते. दादाने निषादाला स्पर्श केला, रॉड उचलला. बाबांनी मान वळवली.

"आज लवकर बसली गायला?" ते म्हणाले.

आणि त्यांनी घास गिळला. मग दुसरा स्वतः घेतला. भाकरी संपली तेव्हा आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "अगं, तूही जेवून घे."

आतून उत्तर आलं नाही. दादाने ओळ पुढे वाजवली. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला, तो कधी ठेवला हे मला आठवत नाही.

त्यानंतर रोज साडेबाराला दादा आत वाजवू लागला आणि बाबा बाहेर जेवू लागले. दार उघडं असे, पण कॉटवरून गिटार दिसत नसे. महिन्याने काटा दीड किलो वर सरकला. डॉक्टर खूश झाले. मी होऊ शकले नाही.

"हे खोटं आहे," मी एकदा दादाला म्हटलं. "चौथं शील, खोटं बोलायचं नाही. बाबांनीच शिकवलंय आपल्याला."

"मी काय खोटं बोललो? माझ्या घरात माझं वाद्य वाजवतोय."

"आणि ते 'अगं, तूही जेवून घे' म्हणतात तेव्हा?"

"तेव्हा मी गप्प बसतो. गप्प बसण्याला कोणी खोटं म्हणत नाही."

"वर्गात असलं उत्तर देणाऱ्या मुलीला मी तास संपेपर्यंत उभं करते."

"कर की मला उभं, बाई. पण आधी त्यांचं ताट संपू दे."

मला जे बोचत होतं, ते शब्दांत असं मांडता येईल: ज्या माणसाने आयुष्यभर आम्हाला चिंचेखाली उभं करून भीती मोजायला शिकवली, त्यालाच आम्ही म्हातारपणी भूत दाखवत होतो, आणि तेही त्याच्या भुकेचा फायदा घेऊन. कधीतरी एखाद्या स्वच्छ दिवशी त्यांना कळलं असतं तर त्यांनी आम्हाला क्षमा केली असती का? मला वाटत नव्हतं.

मग तो गुरुवार आला. दादा सकाळीच मांजरी गावाला गेला होता. टूलरूममधला त्याचा एक सोबती वारला होता. माझ्या शाळेत परीक्षा असल्याने मला उशीर होणार होता. बाबांना सांभाळायला, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी थांबल्या होत्या. मी तीनला जिना चढत होते तेव्हा वरचा तरुण खाली उतरत होता, डोळे तांबारलेले.

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू. तुमच्याकडे रोज दुपारी कोण लेडी गातात?"

"कोणी गात नाही. माझा भाऊ गिटार वाजवतो."

"ते माहितेय मला, गिटार ओळखू येते. पण त्या मधे मधे गातात ना, शब्द नसतात, नुसतं आ. ब्युटिफुल असतं, खरंच. फक्त आज जरा जास्त वेळ चाललं. तासभर. मला संध्याकाळी क्लायंटचा कॉल आहे, झोपच झाली नाही."

"आज?"

"हो, आजच. साडेबारापासून. आज गिटार नव्हती, त्या एकट्याच होत्या."

मी घरात गेले. मावशी निवांत बसल्या होत्या.

"मावशी, बाबा जेवले?"

"जेवले की. दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला मेलीला वाटलं, आज दादा न्हाईत, आज काय खात न्हाईत. पर एकटक आत बघत ग्वाड जेवले."

"आत काही आवाज येत होता?"

"मी मिक्सर लावला हुता बाई, चटणीला. मला काय बी आलं न्हाई ऐकू."

मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. गिटार गादीवर होती. खिडकी बंद, पंखा बंद. दादाने रॉड तारांच्या शेजारी रुमालावर ठेवलेला होता, तो तसाच होता.

भीती वाटली की काय करायचं हे मला शिकवलेलं होतं. रविवारी मी प्रयोग मांडला. कागदाचे तेरा बारीक तुकडे कापले, मधोमध दुमडले आणि एकेका तरफेवर, खोगीर घालावं तसे बसवले. तार थरथरली की तिच्यावरचा कागद उडून पडतो; ही पद्धत पाठ्यपुस्तकात आहे. वहीत तेरा ओळी आखल्या, प्रत्येक ओळीत त्या तरफेचा सूर. सारंगात पाचच सूर लागतात, म्हणून तेरा तरफा त्या पाचांतच वाटलेल्या होत्या. दादा भिंतीला टेकून बघत होता.

"काय बाई, आज प्रॅक्टिकल?"

"श्वाससुद्धा जपून घे. कागद पडतील."

मी बाहेर जाऊन बाबांसमोर ताट ठेवलं आणि वाट पाहिली. काही वेळाने त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "अगं." लांब, त्या एकाच सुरावर. आतून एक बारीक गुंजन आलं, ते मीही ऐकलं, आणि विरून गेलं. मी स्टॉपवॉच दाबून ठेवलं होतं. सहा सेकंद.

आत जाऊन पाहिलं. षड्जाच्या तरफांवरचे कागद पडले होते. पंचमाचाही एक पडला होता. षड्जाच्या पोटात, त्याच्या उपस्वरांत, पंचम असतोच, त्यात नवल नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसले. म्हणजे बाबांची हाकच तारांना बोलवत होती. ते स्वतःच्याच आवाजाचं उत्तर ऐकत होते.

"हा कागद बघ," दादा म्हणाला.

तो नवव्या तरफेवरचा होता. निषाद. आई जिथे थांबायची तो. गणिताने पाहिलं तर षड्जाच्या पोटात निषादही निघतो, पण इतका वर आणि इतका क्षीण, की एका म्हाताऱ्या माणसाच्या हाकेत त्याला हलवण्याइतकं बळ नसतं.

"माझ्या पदरानं पडला असेल," मी म्हटलं.

"तू आत यायच्या आधीच तो पडला होता."

मी वहीत लिहिलं: नववी तरफ, कागद पडलेला, कारण अनिश्चित. आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा लिहिली नाही. ते सहा सेकंदांचं गुंजन मला बाहेरच्या खोलीत जेमतेम ऐकू आलं होतं. स्लॅबपलीकडे झोपलेल्या माणसाची झोप मोडेल असं त्यात काहीच नव्हतं.

दादाने दुसऱ्या दिवशी वाजवलं नाही. "मी नसताना चालतंय ना? मग चालू दे," म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. पहिल्या दिवशी बाबांनी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी चार घास. हाक मारत राहिले, गुंजन येत राहिलं, पण त्यांना त्याने समाधान होईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट सरकवून दिलं.

"आज तिला कोणी जागाच देत नाही," ते म्हणाले.

आम्ही त्याचा अर्थ वेगळा लावला. आम्हाला वाटलं, ते बसण्याच्या जागेबद्दल बोलताहेत. त्या दिवशी भांडी विसळताना आम्ही ठरवलं की त्यांना खरं सांगायचं. जेवणं थांबलं तर नळी घालावी लागेल, हे दोघांनाही माहीत होतं. पण ज्या माणसाने कधी स्वतःला फसवून घेतलं नाही, त्याला फसवून जगवण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. दादा म्हणाला, "मी त्यांच्यासमोर वाजवतो. बघू देत त्यांना माझे हात."

दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्याने गिटार बाहेर आणली, कॉटसमोर सतरंजी टाकली, वाद्य मांडीवर घेतलं. उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवल्या, रॉड डाव्या हातात धरून बाबांना दाखवला. मी ताट हातात घेऊन शेजारी बसले.

दादाने सारंग सुरू केला. बाबा त्याच्या हातांकडे बघत राहिले. ओळ वर चढली, निषादाला शिवली, रॉड उचलला गेला, पुन्हा टेकला.

"बाबा," मी म्हटलं, "हा दादा आहे. रोज दुपारी आत हाच वाजवतो. आत दुसरं कोणी नसतं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, आमचं चुकलं."

ते माझ्याकडे वळले. कित्येक महिन्यांनी त्यांची नजर माझ्यावर स्थिर झाली.

"मला काय ऐकू येत नाही?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मागे बसलोय तिच्या. गिटार कोणती आणि बाई कोणती, हे तू शिकवणार मला?"

"मग तुम्ही आत बघून बोलता ते..."

"तो वाजवतो. वाजवता वाजवता थांबतो ना मध्ये? तेवढ्यात ती म्हणते." मग ते दादाकडे वळले, आणि पूर्वी आमच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना असायचा तसा त्यांचा आवाज झाला. "हात चांगला झालाय तुझा. पण घाई करतोस. लगेच परत येतोस. तिला पुरतं म्हणू देत जा."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगायचात, असलं काही नसतं."

"काय नसतं? मी कुठं काय आहे म्हणालो?" ते चिडले. "वही आण. जे ऐकू येईल तेवढं लिही."

मी वही आणली. दादाने पुन्हा ओळ घेतली. सा, रे, म, प, आणि निषाद. रॉड तारेवरून उचलला आणि या वेळी तो परत टेकवला नाही. तरफा बोलू लागल्या. वरची तार गप्प असल्यावरच त्या नीट ऐकू येतात; इतके महिने त्या प्रत्येक श्वासाच्या जागेत बोलत होत्या आणि आम्ही पुढच्या सुराची वाट बघत त्यांच्यावरून निघून जात होतो. मी मनात मोजू लागले. चार. पाच. सहाला त्या थांबल्या, मोजून ठेवल्या होत्या तशाच.

बाबांचं बोट मात्र कॉटच्या कडेवर ठेका धरून होतं. त्यांची मान हळूहळू वर होत होती, आई वर जायची तेव्हा व्हायची तशी. सातला कुणीतरी श्वास घेतला. बाबांनी नाही, कारण मी त्यांच्या छातीकडे पाहत होते. दादानेही नाही, कारण तो रोखून बसला होता. मी असेन. आठ. नऊ.

"हं," बाबा म्हणाले.

दादाने रॉड षड्जावर टेकवला. तो समेवर आला. ताल कुणीच वाजवत नव्हतं, तरी ती सम होती हे आम्हा तिघांनाही कळलं.

"आता वाढ," बाबा मला म्हणाले, आणि जेवले.

त्यानंतर ते आठ महिने जगले. नळी घालावी लागली नाही. दादा रोज त्यांच्यासमोर बसून वाजवी आणि मध्ये थांबे, आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते बाबांच्या 'हं'वर ठरे. मी ताट वाढत असे. आम्ही त्यांना फसवलं नव्हतं एवढं मला कळलं होतं, आणि त्याने सुटकेइतकीच धास्तीही वाटत होती. खोटं असतं तर ते आमच्या हातात राहिलं असतं, हवं तेव्हा थांबवता आलं असतं. वरचा तरुण काही दिवसांनी कंपनीजवळ राहायला गेला. जाताना त्याने बिस्किटांचा पुडा आणून दिला आणि "लेडींना माझा नमस्कार सांगा," म्हणाला. मी मान डोलावली. चौथं शील त्या दिवशी माझ्याकडून मोडलं.

बाबा गेले ते दुपारीच, जेवण झाल्यावर. आम्ही श्राद्ध केलं नाही. ते त्यांना चाललं नसतं. विहारातून आल्यावर दादाने गिटारीच्या तेराही तरफा सोडल्या. एकेक पुसून, गुंडाळून पाकिटांत घातली आणि पाकिटांवर क्रमांक घातले. "आता नको," एवढंच म्हणाला. मला ते पटलं. तरफा काढल्यावर त्या थांब्यात फक्त शांतता राहणार होती.

वर्षाने, बाबांच्या दिवशी, त्याने ती तशीच मांडीवर घेतली आणि बाहेरच्या खोलीत, रिकाम्या कॉटसमोर, सारंग वाजवला. घरात आम्ही दोघंच. साडेबारा वाजले होते. ओळ चढली. निषाद. त्याने रॉड उचलला.

तार बंद झाली आणि खोलीत काहीच उरलं नाही. सवयीने मी मोजू लागले. तीन. चार. दादाने डोळे मिटले होते. सहा. सात. रॉड त्याच्या हातात, तारेपासून बोटभर उंचीवर, मुळीच न हलता थांबलेला. मी मोजत गेले. मग त्याची मान थोडी वर झाली, आणि त्याने, कुणीतरी संमती दिल्यासारखा, रॉड षड्जावर टेकवला.

वाजवून झाल्यावर मी विचारलं, "इतका वेळ का थांबलास? तरफा तर नाहीत."

तो बोटांतल्या नख्या काढत होता. "पुरतं होऊ दिलं," तो म्हणाला.

त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. तारीख घातलेली आहे, वेळ घातलेली आहे, राग लिहिलेला आहे. मी किती मोजलं, तो रकाना आखून कोरा ठेवला आहे.